ताशाची तर्री म्यूझस्कोअरमध्ये शिलाई मशीनसारखी का वाजते, आणि त्यावर काय करता येतं

नमस्कार. तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. जर्मनीतल्या मराठी मंडळाच्या ढोल-ताशा पथकासाठी तुम्ही म्यूझस्कोअर ४ या नोटेशन लिहिण्याच्या प्रोग्रॅममध्ये हात, म्हणजे वाजवायचे ठरलेले ठेके, लिहून काढले आहेत. फ्लॅटमध्ये ढोल वाजवता येत नाही, त्यामुळे वादक आठवडाभर घरी रबरी पॅडवर सराव करतात आणि त्यासाठी तुम्ही त्यांना म्यूझस्कोअरमधून काढलेला ऑडिओ पाठवता. तुमच्या तक्रारी चार. अ‍ॅक्सेंट (ठोक्यावर जोर देण्याच्या खुणा) लिहिले तरी ऐकू येत नाहीत. ताशाची तर्री, म्हणजे सलग जलद ठोक्यांची लड, शिलाई मशीनसारखी वाजते. ढोल ढोलासारखा वाटतच नाही. आणि ताशाला फोर्टे (मोठ्याने) दिलं की त्याच स्टाफवरची, म्हणजे नोटेशनच्या त्याच ओळीवरची, झांजही चढते. तुम्ही विचारलंत, 'आवाज कुठून नीट करायचा?'

खरी अडचण या शेवटच्या वाक्यात आहे. मराठीत 'आवाज वाढव' म्हणतानाही आवाज आणि 'ढोलाचा आवाज छान आहे' म्हणतानाही आवाजच. सॉफ्टवेअरमध्ये मात्र या दोन गोष्टी वेगवेगळ्या ठिकाणी राहतात, आणि त्यांच्या मध्ये आणखी एक-दोन टप्पे असतात. तुम्ही कागदावर नोट लिहिता तेव्हा आधी ठरतं ते कुठलं वाद्य वाजायचं. मग ठरतं किती जोराने मारल्यासारखं वाजायचं. त्या जोरासाठी कुठलं रेकॉर्डिंग उचलायचं ते त्यानंतर, आणि मिक्सरमध्ये ते किती मोठं ऐकू यायचं ते अगदी शेवटी. तुमच्या चार तक्रारी या चार वेगळ्या टप्प्यांवरच्या आहेत. तुम्ही त्या सगळ्या फोर्टे आणि फोर्टिसिमोच्या (खूप मोठ्याने) खुणांनी सोडवायला गेलात, म्हणून एक सुधारली की दुसरी बिघडते.

मी गेली बरीच वर्षं शाळांच्या बँडसाठी आणि एका पथकासाठी असे सराव-ट्रॅक तयार करतो. खाली सांगतोय ते त्यातून आलेलं आहे. तुमचा कॉम्प्युटर, म्यूझस्कोअरची नेमकी आवृत्ती आणि तुमच्या पथकाचा ताशा किती चढा लावलेला असतो, यावर काही गोष्टी बदलतील. तिथे तसं म्हणेन.

अ‍ॅक्सेंटपासून सुरुवात करतो, कारण सरावासाठी तोच सगळ्यात महत्त्वाचा. जोर मोजण्याचं माप मिडीतून, म्हणजे इलेक्ट्रॉनिक वाद्यं आणि कॉम्प्युटर यांच्या ठराविक भाषेतून, आलं आहे, १९८३ पासून तेच चालू आहे, आणि ते १२७ वर संपतं. त्याला व्हेलॉसिटी म्हणतात, म्हणजे काडी किती वेगाने पानावर आदळली त्याचा आकडा. म्यूझस्कोअर ३ मध्ये प्रत्येक खुणेचा आकडा इन्स्पेक्टरमध्ये उघड दिसायचा: पियानो (हळू) ४९, मेझो-फोर्टे (मध्यम मोठ्याने) ८०, फोर्टे ९६, फोर्टिसिमो ११२. चौथ्या आवृत्तीत आतली पद्धत बदलली आहे, पण साउंडफॉन्ट (वाद्यांच्या रेकॉर्डिंगची फाइल) वापरताना वरचं छत तेच आहे. आता बघा. तुम्ही पहिल्याच बारला, म्हणजे मात्रांच्या पहिल्याच गटाला, फोर्टिसिमो लिहिलंय. म्हणजे साधा ठोकाच ११२ च्या आसपास आहे. अ‍ॅक्सेंटला वर जायला १५ पायऱ्या उरल्या, आणि त्या टोकाला १५ पायऱ्यांचा फरक कानाला जेमतेम कळतो. तोच हात मेझो-फोर्टेवर लिहिलात तर वर ४७ पायऱ्या मोकळ्या राहतात.

मीही सुरुवातीला हेच केलं होतं. मिरवणुकीचं वादन, सगळं दणक्यातच असणार, म्हणून वरपासून खालपर्यंत फोर्टिसिमो. ट्रॅक ऐकून मुलांनी हात अगदी बिनचूक पाठ केला आणि मैदानावर तो सपाट वाजवला, सगळे ठोके एका उंचीचे. त्यांनी ऐकलं तेच वाजवलं. ते पुसून पुन्हा बसवायला तीन रविवार गेले. तेव्हापासून सराव-ट्रॅकमध्ये मी पायाभूत खूण मेझो-फोर्टेच्या वर नेत नाही. ट्रॅक बारीक वाटला तर मिक्सरमधला मास्टर वर करतो. छापील प्रतीवर फोर्टिसिमो हवंच असेल तर ते लिहा, पण ती फाइल वेगळी ठेवा.

त्यानंतर एक बार जवळून बघू. ताशाचे सोळा ठोके, चार मात्रा, प्रत्येक मात्रेत चार. अ‍ॅक्सेंटची खूण फक्त पहिल्या ठोक्यावर आहे. म्यूझस्कोअर पहिला ठोका उचलेल आणि उरलेले पंधरा तंतोतंत एकसारखे वाजवेल. माणूस तसं कधीच वाजवत नाही. उजव्या हाताचा ठोका थोडा भारी पडतो, डावा हलका. मात्रेची सुरुवात आपोआप दबते, मधले ठोके विरतात. म्हणून मी पहिल्या मात्रेला साधारण असे आकडे देतो: १०८, ५४, ७०, ५०. दुसऱ्या मात्रेला ८४, ५२, ६८, ५०. तिसरी पुन्हा जरा वर, ९२ पासून. चौथ्या मात्रेचे शेवटचे दोन ठोके पुढच्या समेकडे चढते, ७२ आणि ८०. नोट निवडली की प्रॉपर्टीजमध्ये प्लेबॅकचा भाग उघडतो आणि तिथे व्हेलॉसिटीचा रकाना असतो. तुमच्याकडे तो दिसत नसेल तर आवृत्ती जुनी आहे, आधी ती बदला. हे आकडे जसेच्या तसे घेऊ नका. तुमच्या पथकातल्या चांगल्या ताशेवाल्याचं फोनवर रेकॉर्डिंग करा आणि समोर ठेवून ऐका. कुठला ठोका वर येतो आणि कुठला जवळजवळ गिळला जातो ते लिहून काढा, आकडे त्यावरून बसवा.

सोळा ठोक्यांना हाताने सोळा आकडे देणं पहिल्या दिवशी ठीक वाटतं, पाचव्या हाताला जीव जातो. त्यावरचा माझा उपाय तर्रीलाही लागू पडतो, म्हणून आता तर्रीकडे वळतो.

तर्री तुम्ही ट्रेमोलोच्या, म्हणजे एकाच नोटेचे भराभर ठोके दाखवणाऱ्या, तीन रेघांनी लिहिली आहे. पाव नोटेवर तीन रेघा म्हणजे एका मात्रेत आठ ठोके. तुमची लय मिनिटाला १०० मात्रांची आहे, म्हणजे सेकंदाला साधारण १३ ठोके. वेगाच्या दृष्टीने ते अवास्तव नाही. अडचण अशी की ते १३ ठोके म्हणजे एकच रेकॉर्डिंग १३ वेळा. कान अशा बाबतीत फार तिखट असतो. दोन सलग ठोके सूक्ष्म पातळीवरही वेगळे नसतील तर तो लगेच 'हे यंत्र आहे' म्हणतो. चांगली ड्रम लायब्ररी एकाच जोराच्या ठोक्याची तीन-चार रेकॉर्डिंग आळीपाळीने वाजवते. साउंडफॉन्टच्या एसएफ२ प्रकारात अशी आळीपाळीची सोयच नाही, त्यामुळे ती आपण लिखाणातून आणायची.

मी काय करतो ते सांगतो. ड्रमसेटमध्ये ताशाच्या दोन जागा करतो: एक उजवा हात, एक डावा. दोन्ही स्टाफच्या त्याच रेघेवर, नोटेचं डोकंही तेच, त्यामुळे छापताना काहीच फरक दिसत नाही. पण आतून त्यांचे मिडी क्रमांक वेगळे असतात आणि प्रत्येकाला वेगळं रेकॉर्डिंग जोडलेलं असतं. दोन्ही जागांना कीबोर्डची वेगवेगळी अक्षरं दिली की टाइप करतानाच उजवा-डावा लिहिला जातो. याचा दुसरा फायदा वर म्हटलेल्या कष्टांच्या बाबतीत. एका डाव्या ठोक्यावर माउसचं उजवं बटण दाबून सिलेक्ट, मग मोअर, आणि तिथे 'सेम पिच' निवडलं की ओळीतले सगळे डावे ठोके एकदम हातात येतात. त्यांचा आकडा एका फटक्यात ५२ करा, मग फक्त सम आणि अ‍ॅक्सेंटच्या नोटा वेगळ्या सुधारा. ४.५ मध्ये तालवाद्यांचं पॅनल नव्याने केलंय, त्यात अशा जागा मांडणं बरंच सोपं झालं आहे.

तर्रीसाठी मी ट्रेमोलो वाजवूच देत नाही. छापायच्या स्टाफवर ट्रेमोलो असतो आणि तो स्टाफ मिक्सरमध्ये म्यूट असतो. खाली वाजवण्यापुरता दुसरा ताशा घेतो, त्यात तर्री बत्तिशांश नोटांनी उजवा-डावा, उजवा-डावा अशी पूर्ण लिहितो आणि ते वाद्य इन्स्ट्रुमेंट्सच्या यादीतल्या डोळ्याच्या चिन्हाने लपवतो. इथे एक अडसर आहे, माझी एक संध्याकाळ त्यात गेली होती. लपवलेली वाद्यं आपोआप म्यूट करण्याची एक सेटिंग प्रेफरन्सेसमध्ये आहे. ती चालू असेल तर स्टाफ लपवला की आवाजही जातो. ती आधी बंद करा.

तर्री चढत न्यायची असेल, आणि बहुतेक वेळा ती चढतच जाते, तर लिहिलेल्या बत्तिशांश नोटांखाली हेअरपिन (आवाज हळूहळू वाढवण्याची खूण) नीट काम करते. एका लांब नोटेखाली मात्र ती चालत नाही, याचं कारण साधं आहे. तालवाद्याचा जोर ठोका पडतो त्या क्षणी ठरतो आणि मग फक्त विरतो. बासरीचा सूर मध्येच फुगवता येतो, ढोलाचा ठोका येत नाही. त्यामुळे चढ दाखवायला एकापाठोपाठ एक ठोके असावेच लागतात. मी हेअरपिनवर न थांबता आकडे हातानेही बघतो: पहिला ४५ च्या आसपास, शेवटचा ९५, आणि प्रत्येक डावा शेजारच्या उजव्यापेक्षा पाच-सहा पायऱ्या खाली. एवढ्याने मशीनपणा निम्मा जातो.

उरलेला निम्मा जातो तो योग्य वाद्य निवडल्यावर. तुम्ही ताशासाठी स्नेअर (बँडमधला तारांचा ड्रम) घेतला आहे. जनरल मिडीचा, म्हणजे वाद्यांना ठरावीक क्रमांक देणारा, जो नकाशा १९९१ पासून चालत आला आहे त्यात ३८ क्रमांकावर स्नेअर आहे, आणि बहुतेक जण ताशासाठी तोच उचलतात. पण स्नेअरच्या खालच्या पानाला तारा असतात, त्या प्रत्येक ठोक्याबरोबर खरखरतात. ताशाला तारा नाहीत. धातूचं भांडं आणि वर घट्ट ताणलेलं एकच पान, एवढाच त्याचा जीव. म्हणून ६५ क्रमांकाचा हाय टिंबाले ताशाच्या कितीतरी जवळ जातो, तोही धातूच्या अंगाचा आणि बिनतारांचा. आज संध्याकाळी फक्त हा एक बदल करून ऐका. झांजेसाठी ४९ चा क्रॅश फार वेळ रेंगाळतो आणि पुढचे दोन ठोके झाकतो. ५५ चा स्प्लॅश आखूड आहे, तो घ्या. टोलासाठी (धातूच्या जाड थाळीसाठी) ५३ ची राइड बेल चालते.

ढोल मात्र त्या नकाशात नाही. ३५-३६ चे बास ड्रम बँडच्या पायाने वाजवायच्या ड्रमसारखे कोरडे लागतात. जनरल मिडीच्या वाद्यांमध्ये ११७ क्रमांकावर ताइको नावाचा जपानी ढोल आहे, त्याच्या खालच्या सुरांत आपल्या ढोलाचा घुमारा थोडाफार सापडतो. तो सुरेल वाद्यांच्या यादीत येतो, म्हणजे नोट वर-खाली केली की आवाजही चढतो-उतरतो. त्याचा उपयोग करून टिपरूला (काठीच्या ठोक्याला) एक सूर आणि थापीला (हाताच्या ठोक्याला) दुसरा असं वेगळं करता येतं. कुठले दोन सूर, ते तुमच्या ढोलाशी ताडून कानाने ठरवा, प्रत्येक पथक ढोल वेगळा ताणतं. हेही लपवलेल्या स्टाफवरच करायचं, छापायचा स्टाफ आहे तसा ठेवून.

पण तुम्ही वर्षभर हे ट्रॅक वापरणार असाल तर मी मनापासून सांगेन: एक सकाळ काढा आणि तुमचाच ढोल, तुमचाच ताशा रेकॉर्ड करा. वादकाला स्वतःच्या पथकाचा ढोल ऐकू आला की तो पॅडवरही वेगळा वाजवतो, हे मी पाहिलं आहे. बाहेरची कुठलीही लायब्ररी ते देऊ शकत नाही. हॉल शक्यतो कमी घुमणारा घ्या, भिंतींना सतरंज्या लावल्या तरी फरक पडतो. माइक ढोलाच्या तोंडाशी न चिकटवता तीन-चार फुटांवर ठेवा. टिपरूचे ठोके तीन जोरांत: हलका, मध्यम, पूर्ण. थापीचे तसेच. ताशाचे चार जोरांत, उजवा आणि डावा वेगळा. प्रत्येकाचे चार-पाच ठोके घ्या आणि दोन ठोक्यांमध्ये आवाज पूर्ण विरेपर्यंत थांबा, कुणीही हलायचं नाही. त्यातून चांगले निवडायचे.

हे ठोके पॉलीफोन नावाच्या मोफत प्रोग्रॅममध्ये घालून साउंडफॉन्ट बनवता येतो. आधी सँपल (एकेका ठोक्याचं रेकॉर्डिंग), मग त्यांचं इन्स्ट्रुमेंट, मग प्रीसेट अशी चढण आहे. तालवाद्यांचा प्रीसेट बँक १२८ मध्ये ठेवायचा, नाहीतर म्यूझस्कोअर त्याला ड्रमसेट मानणार नाही. प्रत्येक सँपलला व्हेलॉसिटीची हद्द देता येते: हलका ठोका १ ते ५५, मध्यम ५६ ते ९५, पूर्ण ९६ ते १२७, असं काहीतरी. तयार फाइल म्यूझस्कोअरच्या साउंडफॉन्ट्स फोल्डरमध्ये टाकली की मिक्सरमधल्या साउंडच्या यादीत ती दिसते.

आता एक बारकावा, जो समजायला मला फार वेळ लागला. हलक्या ठोक्याचं रेकॉर्डिंग मुळातच हळू आहे. एसएफ२ च्या रचनेत व्हेलॉसिटी कमी झाली की आवाज आपोआप खाली आणण्याची सोय आधीपासून असते. म्हणजे हलका ठोका दोनदा हळू होतो आणि ऐकूच येत नाही, मग आपण त्याचा आकडा वाढवतो आणि तो एकदम मध्यम थरात उडी मारतो. यावर उपाय म्हणजे तिन्ही थरांची रेकॉर्डिंग आधी एका उंचीला आणायची, नॉर्मलाइज करायची. हळू-मोठं करण्याचं काम व्हेलॉसिटीवर सोडायचं. थरांनी फक्त पोत बदलायचा, कारण हलका ठोका मऊ आणि पूर्ण ठोका कडक असतो आणि तो फरक मिक्सरमधल्या कुठल्याही फेडरने (आवाज वर-खाली करणाऱ्या पट्टीने) येत नाही. माझा पहिला साउंडफॉन्ट याच एका चुकीमुळे महिनाभर पडून होता.

चौथी तक्रार, ताशा आणि झांज एका स्टाफवर असण्याची, लवकर आटोपते. डायनॅमिकची खूण साधारणपणे त्या स्टाफवरच्या सगळ्या आवाजांना लागते. ४ मालिकेतल्या नव्या आवृत्त्यांत खूण निवडून ती फक्त पहिल्या किंवा दुसऱ्या व्हॉइसला लावता येते, त्यामुळे झांज दुसऱ्या व्हॉइसमध्ये टाकली तर काम भागतं. पण सराव-ट्रॅकसाठी मी ढोल, ताशा, झांज, टोल हे चारही वेगळी वाद्यं म्हणूनच ठेवतो. मिक्सरमध्ये प्रत्येकाला स्वतःचा फेडर मिळतो, आणि ताशेवाल्यांसाठी ताशा वर, ढोल खाली असा वेगळा ट्रॅक दोन मिनिटांत काढता येतो. वाद्यांमधला तोल नेहमी या फेडरनेच साधा. झांज बोचते म्हणून तिला पियानो लिहिलंत तर ती हळू मारल्यासारखी वाजेल, पोतच बदलेल. जोराने मारलेली पण मागे उभी असलेली झांज हवी असेल तर नोटेला हात लावू नका, फेडर खाली घ्या.

मिक्सरमध्ये असतानाच रिव्हर्बही बघून घ्या. ताशाच्या चॅनेलवरचा रिव्हर्ब, म्हणजे हॉलसारखा घुमारा, जवळजवळ शून्यावर आणा. तर्रीतले ठोके एकमेकांत मिसळतात त्याचं एक कारण तेही असतं, आणि ट्रेमोलोला विनाकारण दोष जातो. ढोलाला थोडा राहू द्या.

तर आज रात्री बसणार असाल तर मी हा क्रम धरेन: फोर्टिसिमो काढून मेझो-फोर्टे करा, स्नेअरच्या जागी टिंबाले घ्या, चार वाद्यं वेगळी करा आणि ताशाचा रिव्हर्ब उतरवा. एवढं तासाभरात होतं. उजवा-डावा आणि लिहिलेली तर्री हे शनिवारचं काम. रेकॉर्डिंग पुढच्या महिन्यात, पथक एकत्र जमेल तेव्हा.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, पण तुमचे वादक ट्रॅक फोनवर ऐकत असणार म्हणून सांगतो. फोनच्या स्पीकरमधून ढोलाचा खालचा घुमारा येतच नाही. हेडफोनवर तुम्हाला दणदणीत वाटलेला ढोल त्यांच्याकडे नुसता 'टप' असा ऐकू येतो, आणि मग मात्रा कुठे पडते तेच कळत नाही. ढोलाच्या प्रत्येक टिपरूबरोबर लपवलेल्या स्टाफवर ७६ क्रमांकाचा हाय वुडब्लॉक अगदी हळू, ३५-४० वर, जोडून द्या. हेडफोनवर तो ढोलात विरघळतो, फोनवर तोच मात्रा दाखवतो. ट्रॅक पाठवण्यापूर्वी फोन स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवा, नळ चालू करा आणि दुसऱ्या खोलीतून ऐका. सम सापडली तर पाठवा.

तर्री लिहून झाली की तेवढे चार बार इथे टाका, डाव्या-उजव्याचे आकडे मी बघून देईन.